करंजी घाटातला आवाज

"ऐकू येतंय का तुम्हाला?" मी विचारलं.

"काय?"

"आवाज. हा बघा, आत्ता. उंऽऽ असा."

ह्यांनी मान जराशी कलती केली, पेशंटच्या छातीला नळी लावल्यावर करायचे तशी. मग म्हणाले, "गाडी म्हटलं की आवाज येणारच. मला तर नेहमीसारखीच वाटतेय."

बोरुडे मिस्त्रींच्या गॅरेजमधून गाडी घेऊन आम्ही घरी निघालो होतो. गाडी नीट झाली की नाही ते बघावं, म्हणून मी सरळ घरी न येता कॅम्पाच्या बाजूनं वळसा घेतला होता. तिकडचा रस्ता रुंद आणि दुपारच्या वेळी रिकामा. काटा चाळीसच्या पुढे सरकला की आवाज सुरू व्हायचा, खाली आला की विरून जायचा. लांब कुठेतरी पिठाची गिरणी चालू असावी, तसा. मी पुन्हा वेग वाढवला. पुन्हा आला.

"आता?"

"हेमा, महिनाभर गाडी नव्हती म्हणून तुझे कान हावरे झालेत," हे म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

ती फियाट माझ्या वडिलांची. अण्णा संगमनेरला रस्त्यांची कंत्राटं घ्यायचे. खडी कुठे पडली, रोलर कुठे अडला हे बघायला दिवसभर हिंडायचे आणि सुट्टीत मला बरोबर न्यायचे. गाडी शिकले ती त्यांच्या कच्च्या रस्त्यांवर. ते शेजारी बसून डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "बघू नकोस नुसती, ऐक. इंजिन काय म्हणतंय, चाक काय म्हणतंय, वेगवेगळं ऐक." गुडघे धरल्यावर त्यांनी गाडी माझ्या नावावर केली आणि नगरला आमच्या दारात आणून उभी केली.

ह्यांना गाडी यायची नाही. दोनदा शिकायला घेतली होती. दुसऱ्या वेळी दवाखान्याच्या ओट्याला नेऊन टेकवली, आणि तो विषय घरात पुन्हा निघाला नाही. दवाखान्यात जायला यायला ह्यांची स्कूटर होती. कुठे लग्नकार्याला जायचं झालं की गाडी मी चालवायची, हे शेजारी आणि सासूबाई मागे. नगरात तेव्हा गाडी चालवणाऱ्या बायका बोटांवर मोजण्याइतक्या. एकदा एका मुंजीच्या मांडवाबाहेर मी गाडी लावत होते, तर ह्यांचे वकील मित्र सगळ्यांदेखत म्हणाले, "डॉक्टर बेलापूरकर, ड्रायव्हर झकास ठेवलाय हं तुम्ही!" सगळे हसले. हेही हसले. घरी येईपर्यंत मात्र एक अक्षर बोलले नाहीत.

त्या उन्हाळ्यात मला नोकरी मिळाली होती. लग्नाआधी मी पुण्याला गणित घेऊन बी. एस्सी. झाले होते, पुढे बी. एड.ही केलं होतं. लग्नानंतर ती प्रमाणपत्रं कपाटात साड्यांच्या खाली गेली. टाकळीला साखर कारखान्याच्या वसाहतीत मुलामुलींची शाळा होती, तिथे दहावीच्या वर्गाला गणित शिकवायला माणूस हवा होता. मुख्याध्यापिका दिघेबाई मला भेटायला बोलावून म्हणाल्या, "गणिताला इथे कोणी टिकत नाही. एस. टी. पोचते तेव्हा माझा पहिला तास संपलेला असतो. तुम्ही वेळेवर याल कशा?"

"माझी गाडी आहे," मी म्हणाले.

हे तीन शब्द मी आयुष्यात किती वेळा उच्चारले असतील! पण त्या दिवशी ते बोलताना माझा मलाच अभिमान वाटला होता.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे पेपर वाचत होते. "जा की," म्हणाले. "मी कशाला नको म्हणू? एवढी शिकलीस ती काय लोणची घालायला?"

सासूबाई आतून म्हणाल्या, "लोणच्याला काय झालं? तुला चारी ठाव लागतं की."

तेव्हा मला हसू आलं होतं.

मग एप्रिलात एका लग्नाहून येताना, समोरून आलेल्या बैलगाडीला वाट द्यायला मी गाडी बाजूला घेतली आणि पुढची चाकं मोरीच्या खड्ड्यात गेली. लागलं कुणाला नाही, पण गाडीचा पुढचा भाग हलला. बोरुडे मिस्त्रींनी दोन्ही चाकं उतरवून सगळं काम पुन्हा केलं. आणि गाडी परत आली ती हा आवाज घेऊन.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच गॅरेजला गेले. बोरुडे मिस्त्री माणूस अदबीचा. खुर्ची फडक्यानं पुसून द्यायचे, चहा मागवायचे, "डॉक्टरीणबाई" म्हणून हाक मारायचे. पण गाडीबद्दल माझ्याशी बोलायचे नाहीत.

"कसला आवाज आहे हो, मिस्त्री?"

"बघतो की बाई. तुम्ही चहा घ्या."

"चाकांचं काम केलंत, त्याच्यानंतरच येतोय."

"बघतो. संध्याकाळी दवाखान्यात यायचंच हाय, डॉक्टरसायबांच्या कानावर घालतो."

त्यांना रक्तदाब होता, आठवड्याला ह्यांच्याकडे यायचे. गाडी कुणाच्या का नावावर असेना, तिचं दुखणं घरातल्या पुरुषाला सांगायचं, अशी त्यांची रीत होती. त्यात मला तेव्हा काही वावगंही वाटलं नाही. ह्यांच्या दवाखान्यातही तसंच चालायचं. बाई तपासून झाली की हे तिला म्हणायचे, "तुम्ही बाहेर बसा, मालकांना आत पाठवा." मग आजार काय, औषध काय, ते मालकांना सांगायचे. बाई बाहेर बाकड्यावर पदर चाळवत बसलेली असायची.

त्या संध्याकाळी मी वाटच बघत होते. हे आले, हातपाय धुतले, पानावर बसले.

"बोरुडे आले होते?"

"आले होते."

"काय म्हणाले?"

ह्यांनी वरण कालवलं. "गिअरबॉक्स म्हणतो. नीट बघायला लागेल म्हणतो."

"गिअरबॉक्स? पण काम तर चाकांचं केलंय!"

"आता मिस्त्री तो की मी? धक्का बसला तो सगळ्या गाडीला बसला ना? पुण्याहून माणूस आणायला लागेल म्हणाला. बघू."

"तोपर्यंत चालवायची की नाही?"

"गावात चालव की. लांब न्यायची असेल तर मात्र..." आणि ह्यांनी ताक मागितलं.

त्यानंतर गंमत अशी झाली, की ज्यांना आवाज ऐकूच येत नव्हता त्या ह्यांना तो सारखा ऐकू यायला लागला. बाजारात जाताना म्हणायचे, "आला बघ." कुणाकडे जेवायला निघालो तर, "हेमा, वाढलाय गं आज." आणि स्वर असा काळजीचा, की मला भरून यायचं. वाटायचं, मला नोकरीला जाता यावं म्हणून ह्यांच्या जिवाला किती लागलंय.

मी आपल्या परीनं शोध घेत होते. टाकळीच्या रस्त्यावर दोनदा जाऊन आले. तो रस्ता म्हणजे पट्टीनं आखलेला, सरळसोट. दोन्ही बाजूंना ऊस. क्लच दाबून बघितला, इंजिन बंद करून गाडी नुसती धावू दिली, तरी आवाज असायचाच. एकसारखा, न वाढणारा, न तुटणारा. कुठून येतोय ते कळेना. कधी वाटायचं पुढून, कधी पायाखालून, आणि गिअरबॉक्स तर पायाखालीच असतो. अण्णा असते तर डोळे मिटून सांगितलं असतं. ते आदल्या वर्षीच गेले होते.

पुण्याचा माणूस काही येईना. मी बोरुड्यांना विचारलं, तर ते नजर खाली घालून म्हणाले, "सायबांशी बोलणं झालंय बाई. ते सांगतील तसं."

मे संपत आला. दिघेबाईंचा निरोप आला, की नक्की काय ते कळवा, शाळा उघडायच्या आत मला वेळापत्रक लावायचंय.

रात्री जेवणं झाल्यावर मी ह्यांना विचारलं, "काय करू?"

"मी काय सांगणार?" हे म्हणाले. "निर्णय तुझा. मी तुला कधी आडवा आलोय?"

"तसं नाही. पण गाडी..."

"गाडीचंच म्हणतोय मी. रोज जाऊन येऊन एवढी मजल. मध्ये उसाचं रान, मैल मैल माणूस नाही. गिअरबॉक्स धरला तर गाडी जागच्या जागी अडकते म्हणतो बोरुडे. तू एकटी. पण तुला वाटत असेल तर जा. मी नाही म्हणणार नाही."

एवढं ऐकल्यावर कोण जाईल? वर्गातली पोरं वाट बघत बसलीत आणि मी उसाच्या कडेला पदर डोक्यावर घेऊन उभी आहे, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. दिघेबाईंना मी शब्द दिला होता तो वेळेवर पोचण्याचा. तो पाळता येत नसेल तर जाऊ नये, असं माझं मीच ठरवलं आणि नकाराचं पत्र लिहिलं. पेटीत टाकायला ह्यांच्याकडेच दिलं. ह्यांनी खिशात ठेवलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू गं. शाळा काय पळून चालल्या आहेत का?"

त्या रात्री मी स्वयंपाकघरातच बराच वेळ बसून राहिले. सासूबाई पाणी प्यायला आल्या, माझ्याकडे बघितलं, भांडं पालथं घातलं आणि गेल्या.

पुढच्याच मंगळवारी सासूबाईंना मोहट्याच्या देवीला जायचं होतं. नवस फेडायचा राहिला होता. मोहटा म्हणजे पाथर्डीच्या पुढे. वाटेत करंजीचा घाट. मी ह्यांना म्हटलं, "एवढ्या लांब? गाडीचं असं असताना?"

"सावकाश जा म्हणजे झालं," हे पान लावता लावता म्हणाले. "देवाच्या कामाला कुठे काय होतंय?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. पण तेव्हाही माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. एवढंच वाटलं, की टाकळी ह्याच्यापेक्षा कितीतरी जवळ आहे.

सकाळी निघालो. सासूबाई पुढे माझ्याजवळ बसल्या, मांडीवर ओटीचं ताट. मोकळा रस्ता लागला आणि आवाज सुरू झाला.

"तुझी गाडी जप करते गं," सासूबाई म्हणाल्या. "माझ्यापेक्षा भाविक आहे."

"गिअरबॉक्स आहे तो, आई."

"असेल बाई. मला वाटलं नवसाची आठवण करून देतेय."

पुढे करंजीचा घाट सुरू झाला. चढताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्या कुरकुरीपुढे काही ऐकू येईना. देवीचं दर्शन झालं, ओटी भरली, डबा खाल्ला. परतताना घाट उताराचा. गाडी आपल्या अंगानं धावायला लागली. इंजिन शांत. आणि पहिल्या वळणावर, उजवीकडे स्टिअरिंग वळवलं तसा तो आवाज एकदम फुगला. कानाशी कुणी परात घासावी तसा. पुढचं वळण डावीकडे. आवाज नाही. अजिबात नाही. पुन्हा उजवं वळण, पुन्हा आवाज. डावं, शांत.

मी खिडकीची काच पूर्ण खाली घेतली.

"काय झालं गं?" सासूबाईंनी ताट धरलं.

"थांबा, आई. बोलू नका."

अजून एक उजवं वळण. आला. डावं. गेला. अण्णांचं बोलणं जसंच्या तसं आठवलं, साइटवर धुरळ्यात उभं राहून सांगितलेलं: इंजिनाला वळण कळत नाही, चाकाला कळतं. गाडी उजवीकडे वळली की सगळा भार डाव्या चाकावर येतो. गिअरबॉक्सला त्याचं काय? सरळ रस्त्यावर भार सारखा, म्हणून टाकळीच्या वाटेवर ह्या आवाजाचं मूळ मला सापडलं नव्हतं.

घाट उतरल्यावर मी गाडी कडेला घेतली आणि खाली उतरून पुढच्या डाव्या चाकाच्या मधोमध हात लावला. चटका बसला. उजव्या चाकाला लावला, ते नुसतं कोमट होतं.

"आई, हे बेअरिंग आहे! गिअरबॉक्स नाही. डाव्या चाकाचं बेअरिंग! तासाभराचं काम."

मी एवढ्या आनंदानं ओरडले, की रस्त्यानं जाणारा एक मेंढपाळ थांबून बघायला लागला. शाळा उघडायला अजून आठवडा होता. मनात मी दिघेबाईंसमोर जाऊन उभीसुद्धा राहिले.

सासूबाई गाडीतूनच म्हणाल्या, "एवढ्या सोप्या गोष्टीला पुण्याचा माणूस कशाला लागत होता?"

मी गाडी सुरू केली. मला वाटलं, बोरुड्यांची चूक झाली असेल.

नगरला पोचल्यावर घरी न जाता मी सरळ गॅरेजला गाडी घातली. बोरुडे खुर्ची पुसायला धावले. मी बसले नाही.

"मिस्त्री, पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग आहे."

त्यांच्या हातातलं फडकं थांबलं. मला वाटलं होतं, वाद घालतील, हसतील. ते हसले नाहीत. उलट सुटल्यासारखा चेहरा झाला त्यांचा.

"व्हय बाई. तेच हाय."

"तेच आहे म्हणजे? तुम्हाला कधी कळलं?"

"पयल्याच दिवशी. माझ्याच हातनं जास्त कसलं गेलं हुतं, खोटं कशाला बोलू? नवं आणून ठिवलंय की. ते बघा फळीवर."

फळीवर निळ्या खोक्यात ते ठेवलेलं होतं. खोक्यावर धूळ बसली होती.

"मग बसवलं का नाही?"

बोरुड्यांनी गाडीत बसलेल्या सासूबाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग खाली.

"सायबांना सांगितलं हुतं मी. त्याच सांजेला. सायेब म्हणाले, तातडीचं हाय का? म्हटलं, तसं नाही, महिना-दोन महिने निघतील. तर म्हणाले, मग असू द्या. शाळा सुरू होऊ द्या, मग बसवा."

"कुठली शाळा?" मी विचारलं. खरंच विचारलं. मनुष्य किती मूर्ख असू शकतो!

"आता ते मला काय म्हाईत, बाई. मला वाटलं, पोराबाळांची असंल."

आम्हाला मूलबाळ नव्हतं. हे बोरुड्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनाही बोलून झाल्यावर ते आठवलं असावं, कारण ते एकदम वळले आणि पाना शोधायला लागले.

"आत्ता बसवा," मी म्हणाले.

"बसवतो की. फकस्त सायबांना एक फोन..."

"गाडी माझी आहे, मिस्त्री."

"हाय की, बाई. तुमचीच हाय. पण सायबांचा शबूद हाय माझ्यावर. एक फोन करतो, लगीच बसवतो."

त्यांनी कोपऱ्यातल्या फोनवरून दवाखान्यात फोन लावला. मी ऐकत उभी होते. "सायेब, बाई आल्यात. त्यांनी वळखलं. हां... घाटात... हां, बेअरिंगच म्हणत्यात... बसवू का?" मग थोडा वेळ ते नुसतं "हां, हां" करत राहिले. फोन ठेवून म्हणाले, "बसवा म्हणाले. डॉक्टरीणबाईंचं कौतुक करा म्हणाले."

काम चालू असताना मी गाडीबाहेर उभी होते. सासूबाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून माझं मनगट धरलं. त्यांना सगळं ऐकू आलं होतं.

"त्याचे वडील असेच," त्या हळूच म्हणाल्या. "नाही म्हणून कधी म्हणायचे नाहीत."

"तुम्हाला माहीत होतं, आई?"

"माहीत नव्हतं. ओळखीचं मात्र वाटत होतं." मनगटावरचा हात त्यांनी सोडला. "तुझं बरं बाई. माझ्या वेळी बिघडवून ठेवायला गाडीसुद्धा नव्हती."

सासूबाईंना घरी सोडलं आणि मी आतसुद्धा न जाता टाकळीचा रस्ता धरला. गाडी साठावर गेली तरी चिडीचूप. दोन्ही बाजूंचा ऊस सरसर मागे जात होता. इतकी शांत गाडी मी आयुष्यात चालवली नसेल.

दिघेबाई शाळेतच होत्या, तक्ते लावून घेत होत्या. मला बघून त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला.

"अहो, तुमचं पत्र आलं आणि मी श्रीरामपूरच्या एकींना बोलावून घेतलं. त्या कालच सामान घेऊन आल्यासुद्धा. वसाहतीत खोली दिली त्यांना."

"गाडी दुरुस्त झाली, म्हणून आले होते," मी म्हणाले.

"थोडं आधी आला असतात तर..." त्यांनी माझा हात हातात घेतला. "पण तुम्ही पत्रात फार पक्कं लिहिलं होतंत. मला वाटलं, तुमचं मनच नाही."

खिडकीतून समोरची खोली दिसत होती. एक बारकी, चष्मा लावलेली बाई फळा ओल्या फडक्यानं पुसत होती. कोपऱ्यापर्यंत हात पोचत नव्हता म्हणून टाचा उंच करून.

घरी आले तर हे दवाखान्यातून येऊन झोपाळ्यावर बसले होते.

"काय, गेला का आवाज?"

"गेला."

"बोरुडे सांगत होता, घाटात ओळखलंस म्हणे. नुसत्या कानानं! कमाल आहे हं तुझी." आवाजात खरं कौतुक होतं. तेच मला सहन झालं नाही.

"शाळा सुरू होऊ द्या, मग बसवा, असं म्हणालात तुम्ही त्यांना?"

झोपाळा थांबला नाही.

"म्हणालो असेन."

"मला गिअरबॉक्स सांगितलंत."

"पेशंटला सगळंच सांगायचं नसतं, हेमा. कुणाला काय आणि किती सांगायचं, हे मला माझ्या धंद्यानं शिकवलंय."

"मी तुमची पेशंट आहे?"

ह्यांनी पायानं झोपाळा थांबवला. मग म्हणाले ते इतक्या साधेपणानं म्हणाले, की मला वाटतं तेवढंच त्या महिन्यातलं त्यांचं खरं बोलणं होतं. "रोज सकाळी तू गाडी काढून निघणार. अख्खी गल्ली बघणार. आणि मी दाराशी स्कूटरला किका मारतोय. तू कधी विचार केलास, मला कसं वाटेल त्याचा?"

"तसं सांगायचं होतं. नको जाऊस म्हणायचं होतं. मी ऐकलं असतं किंवा भांडले असते."

"नको कशाला म्हणू? मी काय जुन्या काळातला आहे का? शिकलेल्या बायकोला घरात डांबतो म्हणून लोकांनी नावं ठेवायला?" हे उठले, पायात चपला सरकवल्या. "आणि मी कुठे अडवलं? जाऊ नकोस असं एकदा तरी म्हणालो? पत्र तू लिहिलंस. मी फक्त पेटीत टाकलं."

मी गाडीची किल्ली खुंटीला अडकवली आणि आत गेले.

पुढच्या वर्षी टाकळीला जागा निघाली नाही. श्रीरामपूरच्या त्या बाई टिकल्या, निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिल्या. मी गाडी चालवत राहिले. लग्नांना, देवांना, सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात दवाखान्याच्या खेपांना, आणि मग ह्यांची दृष्टी कमी झाल्यावर रोज सकाळी ह्यांच्या दवाखान्यापर्यंत. हे शेजारी बसायचे. गल्ली बघायची. तेव्हा ह्यांना त्याचं काही वाटत नसे.

आणि घरी पाहुणे आले, चहा झाला, की हे हमखास ती गोष्ट काढायचे. फार रंगवून सांगायचे. घाट, देवी, अंबारीत बसल्यासारखी आई, उजवं वळण, डावं वळण, आवाजाची नक्कलसुद्धा करायचे. "मिस्त्री तोंडात बोट घालून उभा! म्हणाला, सायेब, तुमच्या घरात इंजिनिअर हाय." सगळे माझ्याकडे कौतुकानं बघायचे. मग त्यांच्यातली एखादी बाई हटकून विचारायची, "अगंबाई, एवढ्या हुशार तुम्ही! मग नोकरी नाही का केलीत कुठे?"

"विचारा तिला," हे म्हणायचे. "मी तर हो म्हणालो होतो. चांगली चालून आलेली नोकरी, हिनंच पत्र लिहून नाकारली."

सगळे माझ्या तोंडाकडे बघायचे.

"हो," मी म्हणायचे, "मीच लिहिलं." आणि कपबश्या उचलायला लागायचे.